प्लंबरचा परवाना कोणाला मिळावा?

दहावीचा निकाल लागला की आयटीआयच्या ऑनलाइन प्रवेशासाठी पसंतीक्रम भरताना मुले इलेक्ट्रिशियन, फिटर, मेकॅनिक वर लिहितात. प्लंबर अगदी खाली असतो, काहीच नाही मिळाले तर हाताशी असावा म्हणून. घरच्यांचाही कल तोच. मुलाने वायर ओढली तर चालते, संडासाच्या लाइनला हात लावलेला चालत नाही. यामागे जात आहे, हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र सगळ्यांना भोगावा लागतो. घरात पिण्याचे पाणी आणणारे आणि मैला बाहेर नेणारे काम महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी अशा माणसांच्या हातात आहे, ज्यांना ते कोणी क्रमाने, कारणांसह शिकवलेलेच नाही.

म्हणून प्लंबर व्हायचे तर कोणत्या वाटेने, हा प्रश्न एकट्या मुलाच्या करिअरचा नाही. महापालिकेने परवाना कोणत्या वाटेने आलेल्याला द्यावा, हा त्याचाच दुसरा भाग आहे. माझे म्हणणे असे: आयटीआयचे एक वर्ष आणि त्यानंतर वर्षभराची शिकाऊ उमेदवारी ही परवान्याची मुख्य वाट असावी. मिस्त्रीच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करून शिकलेल्यांसाठी दुसरे दार उघडे असावे. दोन्हीकडून येणाऱ्यांची परीक्षा एकच असावी आणि ती प्रत्यक्ष काम करून द्यावी लागावी. नुसत्या अल्प मुदतीच्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर परवाना देऊ नये.

आज काय आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत नववा भाग प्लंबिंगचा आहे, आणि पाणीपुरवठा व जलनिःसारणाचे काम परवानाधारक किंवा नोंदणीकृत प्लंबरनेच करावे, असे त्यात म्हटले आहे. संहिता आपोआप बंधनकारक होत नाही, स्थानिक नियमांत घेतली तरच लागू होते. पण मुंबईसाठीच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात आणि इतर शहरांसाठीच्या १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात परवानाधारक प्लंबरची तरतूद आहेच. नवा नळजोड, ड्रेनेजचा नकाशा, काम पूर्ण झाल्याचा दाखला यांवर त्याची सही लागते. प्रत्यक्षात अनेकदा सही करणारा एक असतो आणि पाइप जोडणारा दुसराच. सही करणाऱ्याने ती लाइन लाद्यांखाली जाण्याआधी पाहिलेली असतेच असे नाही, आणि जोडणाऱ्याला परवाना म्हणजे काय हेही ठाऊक नसते. अशा परवान्याने कोणाचेच रक्षण होत नाही.

न शिकलेल्या हाताने नेमके काय बिघडते? गळती आणि ओल सगळ्यांना दिसते, पण ती सर्वांत कमी धोक्याची बाब आहे.

ट्रॅपपासून, म्हणजे निचऱ्याच्या पाइपातल्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणापासून, सुरुवात करू. नहाणी ट्रॅप किंवा बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये निदान ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहायला हवे. गटारातली हवा आणि आपले न्हाणीघर यांच्यात तेवढाच एक पडदा असतो. वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की उभ्या पाइपातून जोरात खाली येणारे पाणी आपल्यामागे हवा खेचते. ती हवा पुरवायला व्हेंट पाइप नसेल, तर ती खालच्या मजल्यावरच्या ट्रॅपमधून खेचली जाते आणि तिच्यासोबत ट्रॅपमधले पाणीही जाते. मग वास येतो, झुरळे येतात, लोक फिनेल ओतत राहतात. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या साथरोगाचे ३०० हून अधिक रुग्ण सापडले. नहाणीतले कोरडे पडलेले ट्रॅप हे तिथल्या फैलावाचे एक प्रमुख कारण ठरले. ज्याला व्हेंट पाइप म्हणजे वाया जाणारा खर्च वाटतो, त्याला हे कुणी समजावून सांगितलेले नसते. मिस्त्रीही सांगत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट ढाळाची. १०० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपला साधारण १:४० ते १:६० ढाळ लागतो. म्हणजे १० मीटर लांबीत सुमारे १६७ ते २५० मिलिमीटर उतार. सांडपाण्याचा वेग सेकंदाला सुमारे पाऊण मीटर राहिला तरच घाण तळाशी न बसता वाहून जाते. नुसत्या नजरेच्या अंदाजाने टाकलेली लाइन पहिले सहा महिने व्यवस्थित चालते, आणि मग दर पावसाळ्यात चेंबर तुंबते. उभी लाइन जमिनीशी आडवी होते तिथे एकच काटकोनी बेंड टाकणे ही तितकीच सर्रास होणारी चूक. तिथे ४५ अंशांचे दोन बेंड हवेत, नाहीतर वरून आदळणारे सगळे त्याच कोपऱ्यात अडकते. लेव्हल नळी आणि ओळंबा वापरून तीन मीटरची लाइन ढाळात टाकायला एका दिवसात शिकवता येते. मात्र ती शिकवणारा आणि नंतर मोजून पाहणारा माणूस लागतो.

सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपाचे, काम सोपे दिसते, म्हणूनच त्यात सर्वाधिक घोटाळे होतात. पाइप कटरने काटकोनात कापायचा, आतली कुसळे काढायची, बाहेरची कड किंचित उतरती करायची. मग कोरडाच बसवून पाहायचा. तो फिटिंगमध्ये अर्ध्यापर्यंत जाऊन घट्ट व्हायला हवा. सैल गेला तर तो जोड धरणार नाही. सॉल्व्हंट सिमेंट (पाइप जोडणारा चिकट द्राव) पाइपला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ लावायचे, लगेच घुसवून पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. फिटिंगमध्ये जास्त सिमेंट ओतले तर ते आत साठते, पाइप मऊ करते आणि वाटही अरुंद करते. यूपीव्हीसीचे, म्हणजे थंड पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपाचे, सिमेंट सीपीव्हीसीला लावणे, उघडा राहून घट्ट झालेला डबा वापरणे, गीझरच्या गरम लाइनला स्वस्त पडते म्हणून यूपीव्हीसी टाकणे, हे रोज घडते. यूपीव्हीसीचा पाइप ४५ अंश सेल्सिअसहून गरम पाण्यासाठी नसतोच. शिवाय सीपीव्हीसी तापल्यावर लांबते. १० मीटर लाइनमध्ये ४० अंशांचा फरक पडला तर सुमारे २५ मिलिमीटर. गच्चीवरून जाणारी लांब लाइन क्लॅम्पने दोन्हीकडे आवळून टाकली आणि वळणाला खेळायला जागाच ठेवली नाही, तर पहिल्याच उन्हाळ्यात एल्बोजवळ, म्हणजे वळणाच्या जोडाजवळ, तडा जातो. आणि लाद्या बसण्याआधी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने निदान तासभर चाचणी घ्यायलाच हवी. हँडपंप आणि प्रेशर गेज एवढेच सामान त्याला लागते. लादीवाला खोळंबलाय म्हणून ही चाचणी टाळली जाते आणि दोन वर्षांनी सगळी भिंत फोडावी लागते.

सर्वांत गंभीर चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा बंद झाला की लाइनमधला दाब उतरतो, आणि जिथे जोड सैल असेल तिथून आजूबाजूचे पाणी आत शिरते. नळजोडाची लाइन गटारातून ओढलेली असेल तर ते गटाराचे पाणी असते. त्यावर कुणी मोटर थेट लाइनला लावून पाणी खेचत असेल तर ते आणखी जोरात शिरते. आता मोठ्या संकुलांत याहून अवघड काम आले आहे. पिण्याची लाइन वेगळी, शुद्धीकरण केलेले सांडपाणी फ्लशला नेणारी वेगळी, आगीसाठीची तिसरी. दुरुस्तीला आलेल्या माणसाने डक्टमध्ये (सगळे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) हाताला लागेल त्या पाइपला टी जोडून फाटा काढला तर सांडपाणी स्वयंपाकघरात येते. तपासायची रीत सोपी आहे: पिण्याच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, फ्लशची लाइन चालू ठेवायची आणि पिण्याचे सगळे नळ उघडायचे. लाइनमधले उरलेले पाणी गळून गेल्यावरही एखादा नळ वाहत राहिला तर कुठेतरी दोन लाइन एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. ही तपासणी ठाऊक नसलेल्या माणसाला अशा इमारतीत एकट्याने काम करू देणे चूक आहे.

आता वाटांकडे येऊ.

मिस्त्रीच्या हाताखाली शिकण्याची वाट सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत मोठी आहे. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला डायने आटे पाडणे, सुतळी-सफेदा लावून गळणार नाही असा जोड बसवणे, जुन्या इमारतीत कोणता पाइप कुठून गेला असेल ते ओळखणे, या गोष्टी ती जशा शिकवते तशा वर्गात येत नाहीत. मात्र मिस्त्रीच्या सवयीतली चूकही चेला जशीच्या तशी उचलतो, आणि वीस वर्षांनी तीच पुढे देतो. नकाशा वाचणे, पाइपाचा व्यास ठरवणे, माणशी रोज १३५ लिटर धरून टाकीचा हिशेब करणे या वाटेवर सहसा येत नाही. पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागतील हे गणित कठीण नाही, पण ते करायची वेळच कोणी आणत नाही. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातून देशभर गेलेल्या हजारो प्लंबरांनी याच पद्धतीने नाव कमावले, आणि तरीही तिथल्या पट्टामुंडाईत प्लंबिंगची स्वतंत्र सरकारी संस्था काढावी लागली. पिढीजात कौशल्याला शिक्षणाची जोड लागते, हे तिथे ओळखले गेले.

प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ मध्ये आली आणि तिच्यासोबत अल्प मुदतीचे कोर्स सगळीकडे दिसू लागले. काही आठवड्यांच्या, काहीशे तासांच्या प्रशिक्षणाने एखाद्याला हत्यारांची ओळख होते, हेल्पर म्हणून उभे राहता येते. तेवढ्यासाठी ते चांगलेच आहेत, आणि शाळा सुटून बरीच वर्षे झालेल्यांना तर फार उपयोगी. ज्याला आधीचा अनुभव आहे त्याच्यासाठी याच योजनेत पूर्वशिक्षणाची ओळख नावाचा मार्ग आहे: थोड्या तासांची उजळणी, मग मूल्यांकन, मग प्रमाणपत्र. कल्पना उत्तम आहे. पण मूल्यांकनात पाइप कापून, जोडून, दाबाखाली धरून दाखवावा लागत नसेल तर त्या कागदाला इमारतीत काही किंमत नाही.

आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. नव्या अभ्यासक्रमात ८४० तास प्रात्यक्षिक, २४० तास व्यवसाय ज्ञान, १२० तास रोजगारक्षमता कौशल्ये आणि त्याशिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण आहे. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि फी अगदी कमी. एवढ्या खर्चात ८४० तास हत्यारे हातात देणारी दुसरी सोय नाही. उणिवा आहेत, आणि त्या लपवू नयेत. कुठे जीआय पाइपावरच सगळे वर्ष जाते आणि सीपीव्हीसीचे सामान मागवलेलेच नसते. कुठे निदेशकाची जागा रिकामी असते. कुठे जोडलेले सामान दुसऱ्या दिवशी सोडवून पुन्हा तेच जोडायला दिले जाते. आटे पाडायला ते चालते, सॉल्व्हंट सिमेंटला चालत नाही, कारण तो जोड सुटत नाही आणि प्रत्येक सरावाला नवे फिटिंग लागते. प्लंबर ट्रेडला कच्च्या मालाचे अनुदान ठरवताना एवढे लक्षात घेतले तरी बरेच सुधारेल.

आणि तरीही एक वर्ष पुरत नाही. कार्यशाळेतल्या भिंतीला डक्ट नसतो, शेजारी लादीवाला ओरडत नसतो, वरच्या मजल्यावर पाणी चालू नसते. म्हणून शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि चार किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना इच्छेने घेऊ शकते. विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देते. जर्मनीत नळ, गॅस आणि हीटिंगच्या कारागिराचे शिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि त्यातला मोठा वेळ प्रत्यक्ष कामावर जातो. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे जाणाऱ्या मुलाकडून जी पातळी अपेक्षित आहे, ती सोलापूर-नांदेडच्या घरांना का नको?

या मांडणीवर सर्वांत खरा आक्षेप पैशांचा आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरवले. पुण्यात वा ठाण्यात खोलीचे भाडे आणि जेवण त्यात भागत नाही, आणि हेल्पर म्हणून रोजंदारीवर गेले तर हातात जास्त पडते. शेतमजुराच्या मुलाला वर्षभर थांब म्हणणे सोपे, त्याला थांबता येईल अशी सोय करणे आपले काम. दुसरी अडचण अशी, की प्लंबिंगचे ठेकेदार लहान असतात, मोजकी माणसे कागदावर आणि बाकीची रोजावर, त्यामुळे कायद्याची सक्ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. इथे महापालिकांनी पुढे यावे. त्यांचा पाणीपुरवठा विभाग म्हणजे व्हॉल्व्ह, मीटर, गळतीशोध, पंपिंग यांची सगळ्यात मोठी शाळा आहे. तिथे शिकाऊ उमेदवार घेतले, विद्यावेतनात स्वतःची भर घातली आणि कामाच्या निविदेत ठेकेदाराने शिकाऊ उमेदवार ठेवण्याची अट टाकली, तर जागा निर्माण होतील.

दुसरा आक्षेप: परवाना कडक केला तर मिस्त्री बाहेर फेकले जातील. म्हणूनच दोन दारे म्हणतो. पाच-सात वर्षे काम केलेल्या माणसाकडे शाळेचा दाखला मागू नये. त्याला परीक्षेला बसू द्यावे, ती मराठीतून आणि गरज असेल तर तोंडी घ्यावी, नापास झाला तर कुठे कमी पडला ते लिहून द्यावे आणि त्या भागापुरतीच पुन्हा संधी द्यावी. उत्तम जोड बसवणारा पण व्हेंटचे कारण न सांगता येणारा मिस्त्री दोन आठवड्यांच्या रात्रवर्गात तयार होईल. आज तो आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली काम करतो.

परीक्षा कशी असावी तेही सांगतो, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. एक दिवस पुरे. सकाळी नकाशा देऊन एका न्हाणीघराची सामानाची यादी काढायला लावावी: किती एल्बो, किती टी, कुठे युनियन, कुठे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मग पाऊण इंची जीआयचे दोन जोड आणि गरम-थंड मिक्सरची सीपीव्हीसी जोडणी, सिमेंट वाळायला पुरेसा वेळ देऊन गेज लावून दाबाखाली. दुपारी तीन मीटर ड्रेनेज लाइन मागितलेल्या ढाळात. त्यानंतर मुद्दाम चुका ठेवलेली भिंत: उलटा बसवलेला व्हॉल्व्ह, व्हेंट नसलेला ट्रॅप, दोन लाइनमधला चोरजोड. त्या शोधायला अर्धा तास. शेवटी तोंडी परीक्षेत सेप्टिक टँकवर प्रश्न हवाच. टँकमधल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूने माणूस काही श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टँकमध्ये वा गटारात उतरवून सफाई करून घ्यायला बंदी आहे. मालकाने सांगितले तरी उतरायचे नाही आणि कुणाला उतरवायचे नाही, हे उत्तर ज्याला ठामपणे देता येत नाही त्याला परवाना मिळू नये.

वीजकामात राज्याने हे कधीच केले आहे. तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते आणि तो एका शहरापुरता नसतो. प्लंबरला मात्र प्रत्येक महापालिकेत वेगळा अर्ज, वेगळ्या अटी, वेगळे शुल्क. नाशिकचा परवाना ठाण्यात चालत नाही. एक राज्यव्यापी नोंदवही असावी, आणि त्यात दोन वर्ग असावेत: घर आणि लहान इमारतींसाठी एक, पंप व दुहेरी लाइन असलेल्या उंच इमारतींसाठी दुसरा. परवाना क्रमांक प्रत्येक कामाच्या चाचणीच्या नोंदीवर यावा, आणि ज्याने काम केले त्याचाच यावा.

हे होईपर्यंत वाट निवडणाऱ्या मुलांनी आणि मुलींनी काही गोष्टी स्वतःच पाहून घ्याव्यात. ज्या शहरात काम करायचे तिथल्या महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून परवान्याच्या अटी लेखी घ्याव्यात आणि मगच कोर्सचे पैसे भरावेत. ‘आमच्या प्रमाणपत्रावर परवाना मिळतो’ हे तोंडी आश्वासन धरू नये. आयटीआयत प्रवेश घेण्याआधी कार्यशाळा पाहावी. सीपीव्हीसीचे सामान, प्रेशर गेज, उभी ड्रेनेज लाइन बसवलेली भिंत दिसली नाही तर शेजारच्या तालुक्याची संस्था बघावी. खासगी कोर्सला विचारावे, की प्रत्येकाला स्वतःच्या हाताने किती जोड करायला मिळतात आणि त्यांची दाबचाचणी होते का. शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असावा, नाहीतर वर्ष जाते आणि प्रमाणपत्र मिळत नाही. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: कोणते काम, कोणता पाइप, किती दाबाने चाचणी, काय गळले आणि का.

महापालिकांना सुरुवात करायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. परवान्याच्या अटी आजही त्याच ठरवतात. जवळच्या आयटीआयची कार्यशाळा रविवारी रिकामी असते, निदेशक आणि पाणीपुरवठ्याचे उपअभियंते परीक्षक म्हणून शहरातच आहेत, आणि पुढच्या वेळी परवान्याचे नूतनीकरण करताना जुन्या-नव्या सगळ्यांची ही एक दिवसाची परीक्षा घेता येते.